ब्लाउज पीस उजेडात नेऊन का बघायचा?

मॅचिंग सेंटरच्या काउंटरवर साडीचा पदर पसरलेला असतो. दुकानदार मागच्या फळीवरून रुबियाचे तुकडे ओढून एकेक करून पदरावर टाकत जातो. डाळिंबी, त्याहून जरा गडद, मग जरा जांभळट. एक अगदी बरोबर बसतो. तरीही जाणकार बाई ‘बाहेर उजेडात बघते’ म्हणून साडी आणि पीस घेऊन थेट फुटपाथवर जाते. दुकानदार हरकत घेत नाही. आत जुळलेला रंग उन्हात वेगळा पडतो, हे त्यालाही ठाऊक असतं.

याचं कारण आपल्या डोळ्यांत आहे. सुमारे 400 ते 700 नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशलहरी आपल्याला दिसतात, पण रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीनच प्रकारच्या. कापडावरून कसाही गुंतागुंतीचा प्रकाश आला तरी मेंदूकडे त्याचे तीनच संकेत जातात. त्यामुळे दोन कापडं अगदी वेगवेगळा प्रकाश परतवत असली, तरी हे तीन संकेत सारखे आले की आपल्याला रंग एकच वाटतो. याला मेटामेरिझम म्हणतात. दिवा बदलला की हा जमलेला हिशेब बिघडतो. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात साधारण 450 नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचं टोक उंच असतं आणि गडद लाल बहुधा कमी असतो. जुन्या पिवळ्या बल्बचं नेमकं उलट. ऊन मात्र सगळ्या लहरी बऱ्यापैकी समान देतं.

साडी रेशमी आणि ब्लाउज सुती असेल तर ही अडचण येणारच. रेशीम हे प्रथिन, ते बहुतेक वेळा आम्लरंगांनी रंगवतात. सुती धागा म्हणजे सेल्युलोज, त्याला रिअ‍ॅक्टिव्ह किंवा व्हॅट जातीचे रंग लागतात. पॉलिएस्टरचे रंग आणखी तिसरेच. म्हणजे डाळिंबी साडी आणि डाळिंबी पीस यांच्यातले रंगाचे रेणूच वेगळे असतात. म्हणून कपडा ज्या उजेडात घालायचा त्याच उजेडात पाहावा: ऑफिससाठी ट्यूबखाली, हळदीकुंकवाला घरच्या दिव्याखाली. आणि साडी घरी ठेवून ‘रंग डोळ्यांत आहे’ म्हणत बाजारात जाऊ नये. शेजारी ठेवलेल्या दोन छटांतला बारीक फरक डोळा झटकन पकडतो. आठवणीतला रंग मात्र फार लवकर सरकतो.

माझं मत विचाराल तर मॅचिंगचा हट्टच सोडावा. जवळजवळ जुळणारा रंग सगळ्यात वाईट दिसतो. कॉन्ट्रास्ट घेतला तर विज्ञान आपल्या बाजूने असतं. मिशेल शेव्हरूल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ 1824 मध्ये पॅरिसच्या गोबेलँ या शाही विणकामशाळेत रंगविभागाचे प्रमुख झाले. तिथे तक्रार होती की निळ्या-जांभळ्या भागांत सावलीसाठी वापरलेला काळा धागा फिका दिसतो. शेव्हरूलनी तो इतर ठिकाणच्या काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला. धाग्यात खोट नव्हतीच! शेजारचा निळा रंग काळ्यावर आपल्या विरोधी रंगाची, म्हणजे नारिंगीकडे झुकणारी झाक चढवत होता. या अभ्यासावरचा त्यांचा मोठा ग्रंथ 1839 मध्ये आला. पुढे चित्रकारांनी तो उचलून धरला.

रोजच्या कपड्यांत हे सहज दिसतं. करड्या कुर्त्यावर नारिंगी ओढणी घ्या, कुर्ता किंचित निळसर भासेल. हिरव्या पैठणीला लाल काठ लावले की हिरवा जास्त हिरवा दिसतो आणि लाल जास्त लाल. भडक वाटेल अशी भीती असेल तर दोनपैकी एक रंग थोड्याच जागेत ठेवावा.

पण हे मोठ्या पट्ट्यांना लागू. चौकडी फार बारीक असली की लांबून डोळ्याला धागे सुटे दिसत नाहीत आणि विरोधी रंग मिसळून मळकट होतात. धूपछाव साडीत हीच मिसळण कामाला लावलेली असते. उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या. रेशमाचा धागा चकचकीत असल्यामुळे ठरावीक कोनातच जोरात उजळतो. निरीत कापड वळलं की कधी उभा धागा पुढे येतो, कधी आडवा. खणाच्या चोळीतही असाच खेळ दिसतो.

पांढऱ्याची गंमत निराळी. पूर्वी धुण्याला नीळ घालत. ती पिवळेपणा मारते, पण थोडा प्रकाशही खाते. आजच्या बहुतेक धुण्याच्या पावडरींत अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश सोडणारी द्रव्यं असतात. म्हणून नवा पांढरा शर्ट उन्हात झगझगतो आणि त्याच्याखालची ऑफ-व्हाइट पँट उगाच कळकट दिसते. दुकानातल्या एलईडीत अतिनील जवळजवळ नसतं, तिथे दोन्ही ठीक वाटतात.

दुचाकीवरून उशिरा घरी येणाऱ्यांनी लाल जॅकेटवर भरवसा ठेवू नये. अंधारू लागलं की शंकुपेशी मागे पडून दंडपेशी पुढे येतात आणि त्यांना लाल जवळजवळ दिसतच नाही. दिवसा उठून दिसणारा लाल तिन्हीसांजेला काळपट होतो, त्या मानाने निळा-हिरवा उजळ राहतो. फ्लुरोसंट पोपटीही आकाशातला निळा आणि अतिनील प्रकाश आहे तोवरच चमकतो. रात्री हेडलाइटसमोर उपयोग होतो तो प्रकाश आल्या दिशेने परत पाठवणाऱ्या रुपेरी पट्टीचा. मग जॅकेट कोणत्याही रंगाचं असो.