दोन नृत्यं, एक कार्यशाळा: बेली डान्स आणि इराणी नृत्य शिकवण्यामागचा इतिहास

शनिवार-रविवारच्या एकाच कार्यशाळेत बेली डान्स आणि इराणी नृत्य, दोन्हींचं तंत्र शिकवायचं, ही पद्धत युरोप-अमेरिकेत आता रुळली आहे. त्यामुळे ही दोन्ही एकाच घराण्यातली असावीत असं वाटतं. तसं नाही. इजिप्शियन नृत्यात, म्हणजे बेली डान्समध्ये, गुडघे सैल, पाय जमिनीला धरून, छाती स्थिर आणि कंबर व नितंब स्वतंत्रपणे हलणारे. इराणी नृत्यात कंबर मागे राहते. मनगटं, बोटं, खांदे, मान आणि भुवया पुढे येतात, पाठ मागे झुकते. ताल बहुधा सहा मात्रांचा, झुलता.

दोन्हींच्या भूतकाळात साम्य मात्र आहे. घरच्या बायकांचं पाहून लग्नकार्यात मुली नाचायला लागायच्या. व्यावसायिकांच्या घरात आईकडून मुलीकडे कला जायची. समोर आरसा, तोंडाने मोजलेल्या मात्रा, नाचातल्या पायऱ्यांना (स्टेप्सना) नावं, हे सगळं विसाव्या शतकात आलं. ते आणलं बंदीने, स्थलांतराने आणि सिनेमाने.

इजिप्तमध्ये रस्त्यावर आणि जत्रांत नाचणाऱ्या त्या गवाझी, आणि प्रतिष्ठितांच्या जनान्यात गाणाऱ्या, काव्य जाणणाऱ्या त्या अवालिम. १८३४ साली इजिप्तचा शासक मुहंमद अली याने गवाझींना कैरोबाहेर काढलं आणि त्या दक्षिणेकडे एस्ना, केना, अस्वान अशा गावांत गेल्या. पुढे युरोपीय प्रवाशांना हे नृत्य भेटलं ते बरंचसं या हद्दपारीत, आणि तिथूनच त्याची भडक कल्पना पश्चिमेत पोहोचली. १८९३च्या शिकागो प्रदर्शनात ‘कैरोची गल्ली’ उभारली गेली, तेव्हा लोक गर्दी करून आले, पण शिकण्यासाठी नव्हे.

रंगमंचावरचं रूप घडलं कैरोत. बदिया मसाबनी या लेव्हंटमधून (सीरिया-लेबनॉनच्या भागातून) आलेल्या कलावतीने १९२६ साली तिथे आपला रंगमहाल उघडला. अंगणात किंवा दिवाणखान्यात चहूबाजूंनी पाहिलं जाणारं नृत्य आता एका बाजूने पाहणाऱ्या प्रेक्षकांपुढे आलं. मग नर्तकीला मंचभर फिरावं लागलं, हात उंच न्यावे लागले, पाश्चात्त्य नृत्यातल्या काही चाली घ्याव्या लागल्या. तहिया कारिओका आणि सामिया गमाल या नर्तकी इथेच घडल्या, आणि इजिप्शियन चित्रपटांनी त्यांना जगभर नेलं.

त्या चित्रपटांनीच पुढे अमेरिकेत एक शिक्षिका घडवली. जमिला सलिमपूर यांनी पडद्यावर आणि क्लबांत दिसलेल्या नर्तकींच्या हालचाली टिपल्या, त्यांचे गट पाडले, त्यांना नावं दिली आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात त्या क्रमाने शिकवायला सुरुवात केली. कंबर उभ्या आठाच्या आकड्यात फिरवण्याला आजही ‘माया’ म्हणतात. ते त्यांनी पाहिलेल्या एका नर्तकीचं नाव आहे. बोटांतल्या झांजांचे बोलही त्यांनी बसवले. १९६८ साली त्यांनी ‘बाल अनात’ हा समूह काढला. माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण हेच. हालचालीला नाव मिळालं की ती सुटी करता येते, वहीत उतरवता येते, अनोळखी शहरात दोन तासांत शिकवता येते. कार्यशाळा शक्य झाली ती यामुळे. पण याच वाटेवर काहीतरी निसटलंही. कैरोतली नर्तकी गाण्याच्या शब्दांना आणि वादकाच्या ऐनवेळच्या आलापीला उत्तर देत असते. सुट्या पायऱ्यांची यादी ते शिकवू शकत नाही. आजही पुष्कळ कार्यशाळांत तालाला तासभर मिळतो आणि गाण्याच्या अर्थाला पाच मिनिटं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इजिप्तमध्ये याला समांतर काम महमूद रेदा यांनी केलं. ते मूळचे जिम्नॅस्ट, १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये उतरलेले. १९५९ साली त्यांनी रेदा पथक स्थापन केलं, गावोगाव फिरून लोकनृत्यं पाहिली आणि ती मंचासाठी नव्याने रचली. फरीदा फहमी त्यांच्या प्रमुख नर्तकी. चांगल्या घरच्या मुलींनी लोकांसमोर नाचावं, ही गोष्ट शहरी इजिप्तने या पथकामुळे बऱ्याच अंशी मान्य केली. पुढे रेदा देशोदेशी शिकवत फिरले.

इराणची गोष्ट जास्त दुखरी आहे. एकोणिसाव्या शतकात इराणवर राज्य करणाऱ्या काजार घराण्याच्या दरबारातल्या नर्तकी चित्रांत दिसतात. दरबाराबाहेर मुतरिब, म्हणजे पेशाने गाणारी-नाचणारी मंडळी लग्नांत नाचगाणं करत. कुटुंबातल्या मेजवानीत सगळेच नाचत, पण नाचून पोट भरणाऱ्यांना मान नव्हता. आपल्या मुंबईत, इंपीरियल फिल्म कंपनीत तयार झालेला पहिला फारसी बोलपट ‘दुख्तर-ए-लोर’ १९३३ साली आला. त्याची नायिका पळवून आणलेली, कहवाखान्यात नाचायला लावलेली मुलगी आहे. मुक्तता म्हणजे त्या जागेतून सुटका, हे प्रेक्षकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

ही प्रतिमा पुसायला १९४०च्या दशकात तेहरानमध्ये नीला क्रॅम कुक या अमेरिकन बाई पुढे आल्या. त्या आधी भारतात होत्या. गांधीजी १९३३ साली येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांना पत्रं लिहीत. इराणी लघुचित्रं आणि काव्य यांतून त्यांनी मंचीय नृत्य उभं केलं. त्यानंतर १९५८ साली इराणची राष्ट्रीय बॅले कंपनी आली; नेजाद आणि हायदे अहमदजादे हे तिचे आधार. १९७९च्या इस्लामी क्रांतीनंतर ती बरखास्त झाली आणि नर्तक पांगले.

पांगलेल्यांपैकी बरेच लॉस एंजेलिसला गेले. तिथे मोहम्मद खोर्दादियान यांनी नृत्याचे धडे व्हिडिओ कॅसेटवर आणले. त्या कॅसेट चोरून इराणात जात आणि बंद दारांआड तरुण मुलं त्यांवर नाचायला शिकत. २००२ साली ते आप्तांना भेटायला मायदेशी गेले तेव्हा त्यांना अटक झाली. दहा वर्षांची स्थगित शिक्षा मिळाली आणि नृत्य शिकवण्यावर आजन्म बंदी आली. नाचण्यापेक्षा शिकवण्याचीच जास्त धास्ती घेतली गेली, असाच त्याचा अर्थ होतो.

दोन्ही नृत्यं एकत्र आली ती याच परदेशी शहरांत. तेहरानच्या कॅबरेंतही अरबी धाटणीचा नाच होता, आणि परदेशातल्या इराणी लग्नांतही बेली डान्सरला बोलावणं असे. तिथे फारसी गाणी वाजली की तिला नुसती कंबर हलवून भागेना. सहाचा ताल आणि मनगटांचं वळण शिकावंच लागलं. बेली डान्सचे आयोजक, हॉल आणि विद्यार्थी तयारच होते, इराणी शिक्षकांना जागा हवी होती.

या सोयीची किंमत इराणी नृत्याने मोजली. त्याच्याकडे ‘माया’सारखी नावांची यादी उशिरा आणि अपुरी आली, म्हणून कित्येकदा ते ‘हातांच्या हालचाली’ या एका सत्रात बसवलं जातं. खुद्द इराणात मात्र ते ‘हरकात-ए-मोझून’, म्हणजे लयबद्ध हालचाली, या नावाखाली बायकांच्या वर्गांतून शिकवलं जात राहिलं. कैरोत याच्या उलट घडलं: २००० साली राकिया हसन यांनी सुरू केलेल्या ‘अहलान व सहलान’ महोत्सवाला जगभरातून विद्यार्थी येऊ लागले, आणि अमेरिकेत नावं मिळालेल्या पायऱ्या घेऊन आलेल्या मुली इजिप्शियन शिक्षकांसमोर गाणं कसं ऐकायचं ते शिकू लागल्या.