पिस्तुलाच्या नळीवरचा रंग टिकतो कशामुळे?

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या टूल्सच्या दुकानात ड्रिल मागितलं की दोन प्रकार समोर येतात, काळं आणि सोनेरी. सोनेरी जरा महाग पडतं, पण लोखंडात भोकं पाडून पाडूनही त्याचा पिवळेपणा सहजासहजी जात नाही. तो सोन्याचा मुलामा नसतो आणि ब्रशनं मारलेला रंगही नसतो. तो टायटॅनियम नायट्राइडचा दोन-चार मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर असतो, पाणी दिलेल्या पोलादापेक्षाही सुमारे तिप्पट कठीण. हाच थर आता नेमबाजीच्या पिस्तुलांच्या नळ्यांवरही दिसतो.

राही सरनोबतनं २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये कांस्य आणलं. दोघंही कोल्हापूर जिल्ह्यातले. अशा जिल्ह्यात हत्यारांच्या देखभालीवर गप्पा रंगणारच. त्यात एक प्रश्न हमखास निघतो: नळीला टिकाऊ रंग हवा असेल तर कुठला करावा? माझं म्हणणं असं की छटा निवडण्याआधी तो रंग मुळात येतो कुठून हे बघावं. टिकाऊपणा त्यावरच ठरतो.

आधी नळी घासते कुठं ते पाहू. .२२ च्या, म्हणजे ०.२२ इंची गोळीच्या, बऱ्याच स्पर्धा-पिस्तुलांत नळी सांगाड्यात पक्की बसवलेली असते. तिला त्रास फक्त तळहाताच्या घामाचा आणि साफसफाईच्या चिंधीचा. मोठ्या बोअरच्या पिस्तुलांत मात्र बहुतेक वेळा जॉन ब्राउनिंगची रचना असते, १९११ च्या अमेरिकी लष्करी पिस्तुलात आहे ती. गोळी सुटली की स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, आणि नळी थोडं अंतर एकत्र मागं सरकतात, मग नळीचं मागचं टोक खाली झुकतं आणि स्लाइड एकटीच आणखी मागं जाते. प्रत्येक फैरीला हेच. असं वापरलेलं पिस्तूल उघडून नळी उजेडात धरली की तोंडाजवळ बाहेरून एक चकचकीत पट्टा दिसतो आणि चेंबरच्या (काडतूस बसतं त्या भागाच्या) माथ्यावर, जिथं नळी स्लाइडमध्ये अडकते तिथं, दुसरा. बाकी नळी वर्षानुवर्षं नवीसारखी राहते. रंगाची खरी परीक्षा त्या दोन जागांवर होते.

जुन्या बंदुकांवर दिसणारा निळसर काळा रंग म्हणजे ब्लूइंग. आपल्या एमआयडीसीत त्याच प्रक्रियेला ब्लॅकोडायझिंग म्हणतात. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावणात पोलाद बुडवलं की पृष्ठभागावरचं लोखंडच मॅग्नेटाइट नावाच्या काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतं. तांबडा गंज फुगतो आणि पापुद्रे धरून सुटतो, मॅग्नेटाइट अंगालाच चिकटून राहतं. पण हा थर जेमतेम एखाद्या मायक्रॉनचा आणि सच्छिद्र. गंजाला खरं तर अडवतं ते त्या छिद्रांत मुरलेलं तेल. कोल्हापूरच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तेलाचा हात फिरला नाही तर ब्लूइंगखालून तांबडे ठिपके वर येतातच. तेव्हा काही जण पितळेची भांडी घासावीत तसं लिंबू चोळतात. कृपा करून तसं करू नये. मॅग्नेटाइट आम्लात विरघळतं, गंजाबरोबर निळाईही जाते आणि खालचं पोलाद उघडं पडतं.

पोलाद नुसतं तापवूनही रंग येतात. २३० अंशांच्या आसपास गवती पिवळा, २८० ला जांभळा, ३०० ला मोरपंखी निळा. इथं रंगीत असं काहीच नसतं. काही डझन नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) जाडीचा पारदर्शक ऑक्साइड थर तयार होतो, त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, काही रंग मारले जातात, काही उठून दिसतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलचा इंद्रधनुषी तवंग दिसतो तो याच कारणानं. म्हणजे रंग जाडीवर अवलंबून. किंचित घासलं, जाडी घटली, की निळ्याचा जांभळा आणि जांभळ्याचा पिवळा. दिसायला याच्याइतकं देखणं दुसरं काही नाही, पण घासणाऱ्या नळीवर ते टिकणार नाही. हा प्रयोग घरच्या शेगडीवर तर मुळीच करू नये. उष्णता कुठं किती चढली याचा पत्ता लागत नाही आणि पोलादाचं पाणी उतरलं तर प्रश्न रंगाचा राहत नाही.

लाल, हिरवा, भगवा असे भडक रंग हवे असतील तर सेराकोटसारखा सिरॅमिक मिसळलेला पॉलिमर लेप असतो. तो फवारून सुमारे १२० अंशांना भट्टीत पक्का करतात. घाम, पाणी आणि मीठ यांना तो छान पुरून उरतो. मात्र तो सुमारे २५ मायक्रॉन जाड असतो, त्यामुळे जिथं फिटिंग घट्ट आहे तिथं नळी अडकू शकते, आणि धातूवर धातू घासला की रंगद्रव्य धरून ठेवणारा पॉलिमरच निघून जातो. सांगाड्याला, स्लाइडच्या बाहेरच्या बाजूला किंवा स्थिर नळीला तो जरूर करावा. झुकणाऱ्या नळीला नको.

आता पुन्हा त्या सोनेरी थराकडे. निर्वात कक्षात टायटॅनियमवर विजेची ठिणगी पाडून त्याची वाफ करतात, आत नायट्रोजन सोडतात, आणि नळीवर अणू-अणूनं टायटॅनियम नायट्राइड बसत जातं. प्रक्रियेचं तापमान साधारण २०० ते ५०० अंशांत असतं. या पदार्थातले मुक्त इलेक्ट्रॉन लाल-पिवळा प्रकाश परतवतात आणि निळा-जांभळा शोषतात, सोन्यातही साधारण तेच घडतं. म्हणून थर थोडा झिजला तरी उरलेला तितकाच सोनेरी. झिरकोनियम वापरलं तर फिकट पितळी रंग मिळतो, कार्बन घातला तर तांबूस ते करडा, ॲल्युमिनियम घातलं तर जांभळट काळा. याच पद्धतीनं कुणी चमकता निळा किंवा इंद्रधनुषी रंग देऊ केला तर सावध व्हावं. त्यात बहुधा कठीण थरावर तोच नाजूक तवंगी ऑक्साइड असतो.

सोनेरी थराच्याही मर्यादा आहेत. विकर्स मापात त्याची कठीणता २,००० च्या वर, तर नळीच्या पोलादाची ३०० च्या आसपास. खालचं पोलाद दबलं तर वरचा पातळ थर तडकतो. म्हणून आधी नायट्रायडिंग करून, म्हणजे पृष्ठभागात नायट्रोजन मुरवून, पोलादाची कातडी कठीण करणं आणि मग रंग चढवणं हा उत्तम मार्ग. दुसरं, या थरात बारीक छिद्रं राहतात, गंज पूर्ण अडवण्याची हमी त्यात नाही. आपल्या पावसाळ्यात तो स्टेनलेस नळीवरच शोभतो, साध्या क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या) पोलादावर असेल तर तेल चुकवून चालत नाही. तिसरं, तो ओरखडे बुजवत नाही, जसा पृष्ठभाग तशीच चकाकी. रंगावर खर्च करण्याआधी चांगल्या पॉलिशवर करावा.

काळ्यावर समाधान असेल तर मी सरळ नायट्रायडिंग करून ऑक्साइडनं काळी केलेली नळी निवडेन. तिथं वेगळा थर सुटण्याची भीती फार कमी, आणि गंजालाही ती ब्लूइंगपेक्षा कितीतरी चांगली तोंड देते.

काम मात्र परवाना असलेल्या शस्त्र-दुरुस्ती कारागिराकडूनच करून घ्यावं लागतं, १९५९ च्या शस्त्र कायद्यानं दुरुस्तीलाही परवाना बंधनकारक आहे. त्याच कायद्यात हत्यारावरचा ओळख क्रमांक पुसणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. तीन मायक्रॉनच्या थराखाली कोरलेला नंबर स्पष्ट वाचता येतो, धोका असतो तो आधीच्या पॉलिशचा आणि सँडब्लास्टिंगचा. त्यामुळे नळी हातात देतानाच नंबरची जागा झाकायला सांगावी, आणि नळीची आतली बाजू व चेंबर दोन्ही टोकांनी बंद करून रंगापासून वाचवणार ना, हेही विचारून घ्यावं.