‘मीही कमी पडलो’ : रिचर्ड क्लार्क यांचं पुस्तक आणि त्याआधीची सहा वर्षं

पुस्तक दुकानात आलं सोमवारी, २२ मार्च २००४ रोजी. आदल्या रात्री सीबीएसच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’मध्ये लेखकाची मुलाखत झाली होती, आणि बुधवारी ते ९/११ चौकशी आयोगापुढे शपथेवर साक्ष द्यायला बसणार होते. इतक्या थोड्या वेळात पुस्तक वाचून होणं अवघडच. तरीही त्या आठवड्यात अमेरिकेत जो तो रिचर्ड क्लार्क यांच्याबद्दल ठाम बोलत होता. कुणाला ते खरं बोलायची हिंमत केलेले अधिकारी वाटले, तर कुणाला बढती न मिळाल्यामुळे चिडलेले आणि निवडणुकीच्या तोंडावर पुस्तक खपवायला निघालेले गृहस्थ. हे मत पुस्तकातून आलेलं नव्हतं. ते कुठून आलं हे पाहायचं तर किमान १९९८पर्यंत मागे जावं लागतं.

आधी माणूस कोण ते सांगतो. क्लार्क १९७३मध्ये सरकारी नोकरीत आले आणि तीस वर्षं राहिले. रेगन, थोरले बुश, क्लिंटन आणि धाकटे बुश अशा चार राष्ट्राध्यक्षांच्या काळात त्यांनी वरिष्ठ पदांवर काम केलं. १९९८मध्ये क्लिंटन यांनी त्यांना दहशतवादविरोधी कामाचे राष्ट्रीय समन्वयक नेमलं. ११ सप्टेंबर २००१च्या सकाळी व्हाइट हाउसच्या सिच्युएशन रूममध्ये बसून साऱ्या खात्यांची सूत्रं हलवत होते ते क्लार्कच. २००३च्या सुरुवातीला त्यांनी नोकरी सोडली. पुस्तकाचं नाव ‘अगेन्स्ट ऑल एनिमीज’. अमेरिकेतले अधिकारी पदाची जी शपथ घेतात, तिच्यातलेच हे शब्द आहेत: परकीय आणि स्वकीय, सगळ्या शत्रूंविरुद्ध.

पुस्तकाचे मुख्य आरोप दोन. पहिला असा, की बुश सरकारनं पहिले आठ महिने अल्-कायदाचा धोका महत्त्वाचा मानला, तातडीचा मानला नाही. २५ जानेवारी २००१ रोजी, म्हणजे नवं सरकार येऊन पाच दिवस झाले असताना, क्लार्क यांनी राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार कॉन्डोलिझा राइस यांना टिपण पाठवून प्रमुख मंत्र्यांची बैठक तातडीनं मागितली होती. अल्-कायदावरची ती बैठक झाली ४ सप्टेंबरला. दुसरा आरोप इराकचा. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी बुश यांनी आपल्याला बाजूला घेतलं आणि यामागे सद्दाम आहे का ते शोधा, असं सांगितलं, असं क्लार्क लिहितात. इराकवर चालून जाण्यानं दहशतवादाविरुद्धच्या लढाईचं नुकसान झालं, हे त्यांचं म्हणणं. माझ्या मते वाचक दुभंगले ते या दुसऱ्या आरोपावर. पुस्तक आलं तेव्हा इराक युद्धाला नुकतंच एक वर्ष झालं होतं, सैनिक तिथेच होते, आणि नोव्हेंबरात निवडणूक होती. २००१च्या उन्हाळ्यात कोणती बैठक कधी झाली यावर घरात भांडण होत नाही. चालू युद्ध चूक आहे की बरोबर यावर होतं.

आता १९९८. ७ ऑगस्टला नैरोबी आणि दार-ए-सलाम इथल्या अमेरिकी दूतावासांबाहेर स्फोट झाले. २२४ माणसं गेली. १७ ऑगस्टला क्लिंटन यांनी मोनिका लेविन्स्की प्रकरणात ग्रँड ज्युरीपुढे साक्ष दिली आणि रात्री टीव्हीवरून देशाला कबुली दिली. २० ऑगस्टला त्यांनी अफगाणिस्तानात खोस्तजवळचे तळ आणि सुदानमधला एक औषध कारखाना यांवर क्रूझ क्षेपणास्त्रं सोडली. या तीन तारखा एकमेकींना इतक्या चिकटून होत्या, की क्षेपणास्त्रं बिन लादेनसाठी होती की बातम्यांचा रोख वळवण्यासाठी, हा प्रश्न त्याच दिवशी विचारला गेला. भानगड झाकायला राष्ट्राध्यक्ष खोटं युद्ध रचतो, अशा कथेचा एक सिनेमा काही महिन्यांपूर्वीच येऊन गेला होता. त्याचं नाव तेव्हा सर्रास घेतलं गेलं. खार्टूमचा कारखाना खरोखर रासायनिक अस्त्रांशी संबंधित होता का, याबद्दलचे पुरावे पुढे फार लंगडे ठरले, त्यामुळे संशय आणखी वाढला. दहशतवाद हा विषय अमेरिकेत पक्षाच्या चष्म्यातून बघायची सवय लागली ती ११ सप्टेंबरच्या तीन वर्षं आधी.

त्यानंतर १२ ऑक्टोबर २००० रोजी एडनच्या बंदरात ‘कोल’ या युद्धनौकेवर हल्ला होऊन १७ नौसैनिक मेले. क्लिंटन यांची मुदत संपत आली होती, निवडणूक महिन्यावर होती, गुन्हेगार नक्की कोण यावर गुप्तचर खाती शिक्कामोर्तब करत नव्हती. क्लिंटन यांनी प्रत्युत्तर दिलं नाही. बुश यांनीही दिलं नाही. या एका घटनेत दोघांचाही दोष सारखाच दिसतो, आणि मला वाटतं म्हणूनच वादात ती फारशी कुणी पुढे केली नाही.

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर क्लिंटन यांना दोष देणारं लेखनही आलं. २००३मध्ये रिचर्ड मिनिटर यांचं ‘लूझिंग बिन लादेन’ आलं. बिन लादेनला गाठायच्या संधी क्लिंटन यांनी दवडल्या, हा त्याचा सूर. बुश यांच्या बाजूच्या वाचकांनी ते उचलून धरलं. वर्षभरात क्लार्क यांचं पुस्तक आलं आणि बाजू उलटल्या. आधीच्या पुस्तकाला ‘प्रचार’ म्हणणारे आता नोकरशहाच्या शब्दावर विश्वास ठेवायला तयार झाले, आणि तेव्हा ‘डोळे उघडणारं’ म्हणणारे आता लेखकाचे हेतू तपासू लागले. क्लार्क यांनी क्लिंटन यांच्याबद्दल मऊ हातानं लिहिलं आहे, ही तक्रार मात्र निराधार नव्हती. पुढे सप्टेंबर २००६मध्ये फॉक्स न्यूजवर ख्रिस वॉलेस यांनी ‘तुम्ही अल्-कायदाविरुद्ध जास्त का केलं नाहीत’ असं विचारलं, तेव्हा क्लिंटन भडकले आणि क्लार्क यांचं पुस्तक वाचा, असं पुन्हा पुन्हा सांगू लागले. एका राष्ट्राध्यक्षाला दोष देणारं पुस्तक दुसऱ्याच्या हातात ढाल होऊन आलं.

ही रीत अमेरिकेला नवी नाही. पर्ल हार्बरच्या वेळीही असंच झालं होतं. डिसेंबर १९४१च्या हल्ल्याबद्दल रुझवेल्ट यांच्यावर बोट ठेवणारं लेखन युद्ध संपण्याआधीच सुरू झालं. १९४८मध्ये चार्ल्स बिअर्ड या नामांकित इतिहासकारानं रुझवेल्ट यांनी देशाला युद्धाकडे कसं नेलं यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांच्याच पेशातले लोक त्यांच्यावर तुटून पडले. शांतपणे वाचता येईल असं पुस्तक यायला एकवीस वर्षं लागली: रॉबर्टा वोल्स्टेटर यांचं, १९६२चं. इशारे होते, पण ते गोंगाटात बुडाले होते, आणि घटना घडून गेल्यावर नेमका कोणता इशारा खरा होता हे सांगणं सोपं असतं, हे त्यांनी कागदपत्रांनिशी मांडलं. ते लिहिता आलं, कारण काँग्रेसच्या चौकशीनं साक्षी आणि तारा छापून खुल्या केल्या होत्या. कागद आधी, समजूत मग.

२००४मध्ये मात्र माणसावर तुटून पडणं आणि कागद खुले होणं हे दोन्ही महिन्याभराच्या आत घडलं, आणि या पुस्तकाचं वेगळेपण माझ्या दृष्टीनं त्यात आहे. सुरुवातीचा आठवडा सगळा माणसावर गेला. उपराष्ट्राध्यक्ष चेनी रश लिंबॉ यांच्या रेडिओ कार्यक्रमात म्हणाले, की क्लार्क बऱ्याच गोष्टींच्या वर्तुळातच नव्हते. राइस यांना नंतर सांगावं लागलं की दहशतवादावरच्या बैठकांना ते हजर असत. दहशतवादविरोधी कामाचा समन्वयकच वर्तुळाबाहेर असेल तर तो बचाव ठरत नाही, हे बहुधा त्यांच्या लक्षात आलं असावं. सिनेटमधले बहुमताचे नेते बिल फ्रिस्ट यांनी शपथेवर खोटं बोलल्याची शक्यता सभागृहात बोलून दाखवली. साक्षीच्याच दिवशी सकाळी ऑगस्ट २००२मधल्या एका पत्रकार-चर्चेचा मजकूर बाहेर आला. त्यात हेच क्लार्क बुश सरकारच्या धोरणाची भलामण करत होते.

आयोगाचे सदस्य जेम्स थॉम्प्सन यांनी पुस्तक आणि तो मजकूर दोन्ही समोर धरून विचारलं, यातलं खरं कोणतं? प्रश्न रास्त होता, आणि तो विचारणाऱ्यांना आकसखोर म्हणणं मला पटत नाही. क्लार्क यांचं उत्तर असं होतं, की राष्ट्राध्यक्षांचा सहायक म्हणून मला चांगलं ते ठळक करून आणि वाईट ते सौम्य करून सांगायला सांगितलं होतं, आणि तसं मी कित्येक राष्ट्राध्यक्षांसाठी केलं आहे. कोणत्याही मंत्रालयात काम केलेल्या माणसाला हे उत्तर ओळखीचं वाटेल. ते सोयीचं नाही, पण खरं आहे.

पण त्या दिवशी लोकांच्या लक्षात राहिलं ते सुरुवातीचं बोलणं. मागे बसलेल्या मृतांच्या नातेवाइकांना उद्देशून क्लार्क म्हणाले, की तुमचं सरकार कमी पडलं, तुमच्या रक्षणाची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते कमी पडले, आणि मीही कमी पडलो. त्यांनी क्षमा मागितली. हल्ल्याला अडीच वर्षं झाली होती. साक्ष संपल्यावर काही नातेवाइकांनी त्यांना मिठी मारली. हे नातेवाईक म्हणजे नुसते प्रेक्षक नव्हते. आयोग नेमायला व्हाइट हाउस आधी नाखूश होतं; न्यू जर्सीतल्या चार विधवा आणि त्यांच्याबरोबरची कुटुंबं वॉशिंग्टनच्या फेऱ्या मारत राहिली, तेव्हा कुठे नोव्हेंबर २००२मध्ये कायदा झाला. ज्या खोलीत क्लार्क बोलले ती खोली या बायकांनी उघडून घेतली होती. या पुस्तकाच्या सगळ्या वाचकांत मला त्यांचा प्रतिसाद सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्या राष्ट्राध्यक्ष कुठल्या पक्षाचा हे विचारत नव्हत्या. त्यांना काय झालं ते हवं होतं.

त्याच सुनावणीत आयोगाचे आणखी एक सदस्य स्लेड गॉर्टन यांनी विचारलं होतं, की तुमच्या जानेवारीतल्या सगळ्या शिफारशी तेव्हाच मान्य झाल्या असत्या, तर ११ सप्टेंबर टळण्याची काही शक्यता होती का? क्लार्क म्हणाले, नाही. या ‘नाही’चा उल्लेख त्यांच्या चाहत्यांनी क्वचितच केला, आणि विरोधकांनी केला तो निर्दोषत्वाचा दाखला म्हणून. दोन्ही वाचनं मला अपुरी वाटतात. टळलं नसतं म्हणून आठ महिन्यांची ढिलाई माफ होत नाही, आणि ढिलाई होती म्हणून तीन हजार मृत्यूंचा हिशेब एका माणसाच्या खात्यावर मांडता येत नाही.

साक्षीनंतरच्या न्यूजवीकच्या पाहणीत जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांनी सांगितलं, की यामुळे बुश यांच्याबद्दलचं आपलं मत बदललेलं नाही. पुस्तक मात्र खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. पण दबाव मतांतून आला नाही, प्रश्नांतून आला. राइस यांनी जाहीर साक्षीला नकार दिला होता; तो मागे घेऊन ८ एप्रिलला त्या शपथेवर बसल्या. आयोगाचे सदस्य रिचर्ड बेन-व्हेनिस्टे यांनी ६ ऑगस्ट २००१च्या गोपनीय टिपणीचं शीर्षक काय होतं असं विचारलं आणि राइस यांना ते मोठ्यानं सांगावं लागलं: बिन लादेन अमेरिकेच्या आत हल्ला करायला निश्चयानं उभा आहे. दोन दिवसांनी ती जेमतेम दीड पानांची टिपणी खुली झाली. हल्ल्याच्या छत्तीस दिवस आधी, टेक्सासच्या सुटीत, ती बुश यांना दिली गेली होती. तिच्यात दिवस, वेळ, ठिकाण नव्हतं. विमान अपहरणाच्या तयारीशी जुळणाऱ्या हालचालींचा उल्लेख होता. आता निदान वाद एका कागदाबद्दल होता.

मुंबईच्या वाचकाला इथे थांबावंसं वाटेल. २६ नोव्हेंबर २००८नंतर राज्य सरकारनं राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची दोन सदस्यांची समिती नेमली. तिच्यासमोरच्या साक्षी जाहीर झाल्या नाहीत. टीव्हीवर कुणी मंत्री शपथेवर बसलेला आपण पाहिला नाही. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांना त्या रात्री कामा रुग्णालयाजवळ काय घडलं हे कळण्यासाठी माहितीच्या अधिकारात पोलीस नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागाव्या लागल्या, आणि २००९मध्ये ‘टु द लास्ट बुलेट’ लिहावं लागलं. अमेरिकेत पुस्तकामागोमाग कागद आले आणि पुस्तकाला वजन मिळालं. इथे एका शहीद अधिकाऱ्याच्या पत्नीला कागदही स्वतःच शोधावे लागले. याची मला आजही चीड येते.

आयोगाचा अहवाल २२ जुलै २००४ रोजी आला. तो ५६७ पानांचा अहवाल दहा डॉलरला पुस्तकांच्या दुकानात विकायला होता आणि लोकांनी तो जणू रांगा लावून घेतला. नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीतही तो होता. त्यानं दोन्ही सरकारांचा हिशेब मांडला आणि कल्पनाशक्ती, धोरण, क्षमता, व्यवस्थापन अशा चारही ठिकाणी अपयश नोंदवलं.

राहिलं २५ जानेवारीचं टिपण. पुस्तक आलं त्याच दिवशी राइस यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये लिहिलं होतं, की नव्या सरकारकडे अल्-कायदाविरुद्धची कोणतीही योजना सोपवलेली नव्हती. क्लार्क म्हणत होते, योजना टिपणासोबत जोडलेली होती. त्या टिपणाचा पूर्ण मजकूर खुला झाला तो फेब्रुवारी २००५मध्ये. सोबत डिसेंबर २०००चा डावपेचांचा दस्तऐवज होता आणि १९९८ची ‘डेलेंडा’ योजनाही जोडल्याची नोंद होती. बुश तोवर दुसऱ्यांदा निवडून आले होते, आणि राइस परराष्ट्रमंत्री झाल्या होत्या.