अजिंठ्याची कॉपी आणि जेजेची पोरं : थोडी पार्श्वभूमी

मुंबईत आजही कुणी चित्रकार अजिंठ्याच्या पद्मपाणीची, म्हणजे लेण्यातल्या भिंतीवरच्या प्रसिद्ध बोधिसत्त्वाच्या चित्राची, कॉपी करायला बसला की कुणीतरी म्हणतंच, अरे कॉपी कशाला, स्वतःचं काहीतरी काढ ना. हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण ह्या शहरातले चित्रकार घडले कसे ते बघायला गेलं तर त्यात अजिंठ्याची कॉपी करणं फार मोठं आहे, आणि ती करणारी पोरं आपल्याला जवळजवळ माहीतच नाहीत.

1819 मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला गेला आणि लेणी जगासमोर आली, हे शाळेत शिकलोच. मग 1844 पासून मेजर रॉबर्ट गिल तिथे चित्रं उतरवायला बसला. गिल म्हटलं की आपल्याकडे पारो ह्या तिथल्या मुलीवरच्या त्याच्या प्रेमाची गोष्ट निघते आणि कामाचं राहूनच जातं, पण ह्या माणसाने तिथे जवळपास वीस वर्षं काढली, मोठमोठे कॅनव्हास लंडनला पाठवले, ते तिथल्या क्रिस्टल पॅलेस ह्या प्रदर्शनाच्या इमारतीत लावले आणि 1866 च्या आगीत जवळजवळ सगळे जळाले.

इथून पुढे मुंबई येते. जेजे स्कूल, म्हणजे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, 1857 चं, तिथे 1865 मध्ये जॉन ग्रिफिथ्स शिकवायला आला. भिंतींवरची चित्रं वर्षागणिक झडतायत, परत कॉपी करायलाच हव्यात असं त्याचं म्हणणं होतं आणि सरकारने खर्च दिला. 1872 ते 1885 ह्या काळात तो थंडीच्या दिवसांत जेजेचे विद्यार्थी घेऊन लेण्यांत जाऊन राहायचा. त्या पोरांत पेस्तनजी बोमनजी होता, पुढे पारशी घरांतली माणसं फार सुंदर रंगवणारा. मूळ चित्रं माती-चुन्याच्या गिलाव्यावर, गिलावा वाळल्यावर रंगवलेली, आणि पोरांच्या हातात ऑइल कलर आणि कॅनव्हास, त्यात आत अंधार, भिंतीवर काजळी, म्हणजे समोर दिसतंय त्यातलं मूळचं किती आणि मळ किती हे आधी ठरवायचं आणि मग ब्रश उचलायचा, बोटांची वळणं, अर्धवट मिटलेले डोळे, छतावरची कमळं आणि हंस सगळं इंचाइंचाने बघायचं. शाळेत ह्यांना ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर कास्टवरून ड्रॉइंग शिकवायचे, आणि इथे आपल्याच मुलखातल्या, नावही न ठेवून गेलेल्या उस्तादांच्या पायाशी बसायला मिळालं! मला तर वाटतं त्यांचं खरं शिक्षण हेच.

त्याचा परिणाम मुंबईतही दिसला. जेजेत जॉर्ज टेरी मातीची भांडी करून घ्यायचा, त्या पॉटरीवर अजिंठ्याची डिझाइनं आली. ग्रिफिथ्स स्वतः सोळाव्या लेण्यातल्या मरणासन्न राजकन्येच्या चित्रावर इतका भारावला होता की इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी रेखाटन सरस केलं असतं, व्हेनिसच्या चित्रकारांनी रंग, पण ह्याहून जास्त भाव दोघांनाही आणता आला नसता, असं त्याने लिहून ठेवलंय.

एक गोष्ट मात्र वाईट झाली. रंग नीट दिसावेत म्हणून ग्रिफिथ्सने भिंतीवरच्या मूळ चित्रांवर व्हार्निश लावलं, ते पुढे पिवळं पडलं आणि त्याने चित्रांचं नुकसानच केलं. अजिंठा तेव्हा निझामाच्या राज्यात होता, त्याने नंतर 1920 च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी साफसफाई केली पण शेलॅक, म्हणजे लाखेचं व्हार्निशही लावलं. कॉपीच्या प्रेमापायी मूळ भिंतीला हात लावायचा नसतो, हे तेव्हा कुणाला कळलं नाही.

पोरांनी केलेल्या कॉपींची सुमारे 300 चित्रं लंडनला साउथ केन्सिंग्टनच्या म्युझियममध्ये गेली, म्हणजे आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. आणि 1885 मध्ये तिथेही आग लागली, शंभराहून जास्त चित्रं गेली. दुसऱ्यांदा! उरलेली अजून तिथेच आहेत. ग्रिफिथ्सने 1896-97 मध्ये दोन मोठे खंड छापले म्हणून निदान पुस्तकात तरी ते काम बघायला मिळतं.

तेव्हा कुणी आज पद्मपाणी रंगवायला घेतला असेल तर हे खंड शेजारी उघडून ठेवावेत. भिंतीवर आज जिथे नुसता गिलावा उरलाय तिथे काय होतं ते कधीकधी ह्याच पानांत सापडतं, आणि ते जेजेच्या पोरांनी उतरवून घेतलेलं आहे.