नव्या पिकअपच्या पोटाखाली गंज कुठे धरतो?

नागपुरात नवी पिकअप घेतली की गाडी ताब्यात यायच्या आधीच अंडरकोटिंगचा विषय निघतो. खालून काळा, रबरासारखा जाड थर मारून देतो, असं सांगतात. घेणाऱ्याच्या मनात येतं, इथे कोकणासारखी खारी हवा नाही आणि रस्त्यावर मीठ टाकावं लागेल असा बर्फही पडत नाही, मग हा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. पण आधी गंज नेमका कुठे धरतो ते बघायला हवं, म्हणजे कोट कुठे लागतो हे आपोआप कळतं.

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. पत्र्याच्या एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतूनच दुसऱ्या जागी जातात आणि तिथे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो. म्हणजे प्रत्येक ओल्या ठिपक्यात एक छोटी बॅटरी चालू असते. पाण्यात क्षार असले की ती जोरात चालते, पाणी आटलं की बंद पडते. ब्रिटिश संशोधक व्हर्नन यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिलं, की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलाद झपाट्याने गंजू लागतं. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारी ही आर्द्रता बरेचदा २५ टक्क्यांच्याही खाली असते, त्यामुळे तेव्हा उघडं लोखंडही फारसं बिघडत नाही. वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पडणारा इथला पाऊस मात्र बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो.

तरी नुसत्या पावसाची मला फारशी काळजी वाटत नाही. धावत्या गाडीचं पाणी निथळतं, वाऱ्याने सुकतं. काळजी वाटते ती काळ्या मातीची. काटोल-नरखेडकडे संत्र्याच्या बागेतून माल काढायचा तर पावसाळ्यात पांदण रस्त्याने जावंच लागतं. तिथला चिखल मडगार्डच्या आत, चेसिसच्या कडांवर, स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जाऊन बसतो. या मातीतली चिकणमाती कणाकणात पाणी धरून ठेवते. गोळा वरून सुकून भेगाळलेला दिसतो, पण आतून ओल्या फडक्यासारखा दिवसचे दिवस धातूला चिकटलेला असतो.

या गोळ्याखाली जे होतं, ते केंब्रिजचे गंज-संशोधक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात एका साध्या प्रयोगातून समजावलं. त्यांनी पोलादाच्या स्वच्छ पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो, मध्यभागी तो कमी पडतो. ऑक्सिजन जास्त तिथे गंज जास्त, असं कोणालाही वाटेल. पण पत्रा खाल्ला गेला तो मध्यभागी, जिथे ऑक्सिजन कमी होता. कडेचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन ओढत राहतो आणि ते पुरवायला मधलं लोखंड झिजत जातं. चिखलाच्या गोळ्याखाली, दोन पत्र्यांच्या जोडात किंवा सुटलेल्या कोटाखाली हेच घडतं. वरून दिसणारा तांबूस डाग बरेचदा वरवरचा असतो, खड्डा झाकलेल्या जागी पडलेला असतो.

त्यात मालाची भर पडते. खताच्या पोत्यांतलं म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, खाण्याच्या मिठाच्या जवळचा क्षार. हौद्याच्या फटींतून त्याची भुकटी खाली चेसिसवर पडली की समुद्र नसतानाही क्लोराइड गाडीपाशी पोचतं. खताची खेप टाकून आल्यावर हौदा झाडायचा तो बाहेर, फटींत लोटायचा नाही, आणि मग खालून पाणी मारायचं. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या बाजूला कोळसा आणि राखेची धूळ असते, तीही थर धरून ओल टिकवते.

कारखान्यातून गाडी येते तेव्हा ती अगदीच उघडी नसते. आधी फॉस्फेटचा थर देतात, मग सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने प्रायमर बसवतात. तो जेमतेम २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो, पण कोनाकोपऱ्यात पोचतो आणि भट्टीत भाजून पक्का होतो. अनेक गाड्यांच्या पत्र्यावर जस्ताचा मुलामाही असतो. वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवायच्या पद्धतीचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ साली घेतलं. जस्त लोखंडापेक्षा लवकर इलेक्ट्रॉन सोडतं, म्हणून ओरखडा पडून लोखंड उघडं झालं तरी आधी आजूबाजूचं जस्त झिजतं. चेसिसच्या जाड पट्ट्यांवर मात्र बरेचदा नुसता काळा रंग असतो. खडीने तो उडतो, बोल्टच्या बुडाशी निघतो, वेल्डिंगच्या जोडावर कमजोर असतो.

म्हणून माझं मत असं, की चाकांच्या कमानींना आणि दाराखालच्या पट्टीला रबरी कोट चांगला, कारण तिथे उडालेल्या खडीचा मार बसतो. चेसिसच्या पोकळ पेटीत मात्र मेणासारखा किंवा लॅनोलिनचा, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून मिळणाऱ्या चरबीसारख्या पदार्थाचा, पातळ लेप हवा. तो फटींत शिरतो, ओल बाजूला सारतो आणि तडकत नाही. दर एक-दोन वर्षांनी तो पुन्हा द्यावा लागतो, हे आधीच धरून चालावं. जाड कोट ओल्या किंवा मळलेल्या पत्र्यावर मारला, तर तो न मारलेला बरा. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून कोट उचलतो आणि बाहेरून काही दिसतही नाही. हे काम मे महिन्यात, मृगाच्या आधी, खालून धुऊन गाडी दोन दिवस उन्हात सुकवून करून घ्यावं. कारागिराला समोर उभं राहून सांगावं, की पाणी निघायची भोकं बुजवू नका, आणि सायलेन्सर, ब्रेकच्या डिस्क, सेन्सर, रबरी बुश यांवर फवारा मारू नका. भोकं बुजलेली चेसिस आतून पाण्याची टाकी होते.

सायलेन्सरचं दुखणं वेगळंच आहे, तो आतून गंजतो. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे एक लिटर पाणी तयार होतं, कारण इंधनातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो. लांबच्या फेरीत ती वाफ बाहेर पडते. कळमन्याच्या बाजारातून जवळच्याच दुकानापर्यंत दहा मिनिटांच्या खेपा घालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर पुरता तापत नाही, वाफ आतच थिजते आणि धुरातल्या आम्लांसह साचून राहते. यावर बाहेरून मारलेल्या कोणत्याही कोटाचा उपयोग नाही. अधूनमधून गाडीला लांबची फेरी घडवणं हाच उपाय.

बॅटरीला जोडायची गंजरोधक इलेक्ट्रॉनिक डबीही विकायला असते. जमिनीत पुरलेल्या पाइपलाइनला किंवा समुद्रातल्या जहाजाला विजेने असं संरक्षण देता येतं, कारण भोवती सलग ओली माती किंवा पाणी असतं आणि प्रवाहाचं वर्तुळ पुरं होतं. गाडीभोवती हवा असते, वर्तुळ पुरं होत नाही. त्या पैशांत पाणी मारायचा चांगला पंप येईल.

पाऊस सरला की ऑक्टोबरात गाडी उचलून बघावी. मडगार्डच्या आतली कड, पाट्यांच्या फटी, हौद्याचे बोल्ट आणि ब्रेकच्या नळ्यांच्या पट्ट्या आधी धुवाव्यात, मग बोटाने चाचपाव्यात. पापुद्रा हाताला लागला तर तारेच्या ब्रशने चकचकीत धातूपर्यंत घासून झिंक फॉस्फेटचा प्रायमर द्यावा, वर रंग आणि मग लेप. ब्रेकची नळी गंजलेली दिसली तर ती रंगवू नये, बदलावी.