लहान सेन्सरच्या सिने-कॅमेऱ्यासाठी लेन्सची निवड व चाचणी

सुपर ३५ (३५ मि.मी. सिने-फिल्मच्या चौकटीचे माप) पेक्षा लहान सेन्सर असलेल्या डिजिटल सिने-कॅमेऱ्यासाठी योग्य लेन्स निवडणे आणि चित्रीकरणाआधी ती त्याच कॅमेऱ्यावर लावून पारखणे, ही दोन कामे एकमेकांना जोडूनच होतात. मुंबईच्या चित्रपट-व्यवहारात दोन्हींना मिळून ‘लेन्स टेस्ट’ म्हणतात. शाळेच्या पुस्तकातला शब्द ‘भिंग’ असला तरी सेटवर सगळ्यांच्या तोंडी ‘लेन्स’च असते, म्हणून या नोंदीतही तोच शब्द वापरला आहे. लेन्सचे नाव कितीही मोठे असो, तपासायचा असतो तो हातातला नग. एकाच कारखान्यातून, एकाच वर्षी निघालेल्या दोन लेन्स वीस-तीस वर्षे वेगवेगळ्या हातांतून फिरल्यावर सारख्या राहत नाहीत, आणि लहान सेन्सर हा फरक झाकून घेत नाही.

सेन्सरचे आकारमान : लहान सेन्सरचा हिशोब १६ मि.मी. फिल्मपासून सुरू होतो. सुपर १६ फिल्मची चौकट १२.५२ × ७.४१ मि.मी. ची. सुपर ३५ ची रुंदी जवळपास २५ मि.मी., म्हणजे जवळजवळ दुप्पट. २०१२ साली आलेल्या ब्लॅकमॅजिक सिनेमा कॅमेऱ्याचा सेन्सर १५.८१ × ८.८८ मि.मी. होता. पुढच्याच वर्षीच्या पॉकेट सिनेमा कॅमेऱ्याचा (पुढे नुसते ‘पॉकेट’) १२.४८ × ७.०२ मि.मी., अर्थात सुपर १६ ची जवळजवळ सही सही नक्कल. डिजिटल बोलेक्स हा कॅमेराही सुपर १६ च्याच घराण्यातला. २०१८ च्या पॉकेट ४के मध्ये सेन्सर १८.९६ × १० मि.मी. झाला. यातले पहिले ब्लॅकमॅजिक कॅमेरे आता जुने झाले असले तरी रॉ आणि प्रोरेस या उच्च दर्जाच्या फाइल-प्रकारांत चित्रण करतात आणि वापरलेले नग परवडतात. त्यामुळे लघुपट करणाऱ्या, एकांकिकांतून कॅमेऱ्याकडे वळलेल्या तरुण मंडळींच्या हातात ते अजून दिसतात.

चौकट लहान म्हणजे तीच लेन्स जास्त ‘टाइट’ दिसते. पॉकेटवरच्या २५ मि.मी. (नाभीय अंतराच्या) लेन्सचे दृश्यक्षेत्र फुलफ्रेमवरच्या, म्हणजे ३६ मि.मी. रुंद सेन्सरवरच्या, ७२ मि.मी. लेन्सइतके अरुंद. टाइट चौकटीसाठी लेन्स सहज मिळतात. अडचण रुंद चौकटीची आहे, आणि मुंबईत ती पहिल्याच दिवशी समोर उभी राहते. गिरगावातल्या किंवा लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली घ्या. तिपाई आणि तिच्यामागे उभा राहिलेला माणूस मिळून दोन फूट जातात, उरतात दहा. दहा फुटांवरून समोरची दहा फुटी भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पकडायची तर १२.४८ मि.मी. रुंदीच्या सेन्सरला साधारण साडेबारा मि.मी. ची लेन्स लागते. स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ इथे १८ वरही तोकडी पडते; भिंतीचे सातच फूट चौकटीत येतात. म्हणून अशा कॅमेऱ्याचा संच ठरवताना आधी रुंद टोकाची लेन्स पक्की करावी आणि मग बाकीच्या. ९.५, १२, १६, २५ आणि ५० असा झाइसच्या १६ मि.मी. सुपर स्पीड संचाचा क्रम आहे, सगळ्यांचा टी-स्टॉप (लेन्समधून प्रत्यक्ष किती प्रकाश येतो त्याचा आकडा) १.३. नवा संच जुळवणाऱ्यांनीही नाभीय अंतरांचा हाच क्रम डोळ्यांसमोर ठेवावा.

लहान सेन्सरवर पार्श्वभूमी विरघळत नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. चौकट तीच ठेवली तर पॉकेटवर २५ मि.मी. एफ २ ला (एफ म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा लहान तेवढे छिद्र मोठे, लेन्स ‘उघडी’) जी डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणारी खोली, मिळते, ती फुलफ्रेमवर ७२ मि.मी. एफ ५.६ च्या आसपास मिळेल. पण फोकस पुलर (फोकस फिरवणारा सहायक) परवडत नाही आणि नट खोलीभर फिरतो आहे, अशा वेळी हीच गोष्ट वरदान ठरते. शिवाय ज्या गोष्टीत घर, गल्ली, वाडी हेच एक पात्र आहे, तिच्यात पाठीमागचे दोरीवरचे कपडे आणि भांडी दिसायलाच हवीत.

माउंट आणि अंतराचा हिशोब : लेन्सची बैठक (माउंट) आणि सेन्सर यांच्यातले अंतर माउंटच्या प्रकारानुसार ठरलेले असते. पीएलचे ५२ मि.मी., निकॉन एफचे ४६.५, कॅनन ईएफचे ४४, मायक्रो फोर थर्ड्सचे १९.२५ आणि सी-माउंटचे १७.५२६. मायक्रो फोर थर्ड्सच्या कॅमेऱ्यावर जवळजवळ काहीही लावता येते ते याचमुळे. लेन्सचे अंतर मोठे असेल तर मधली जागा ॲडॅप्टरने भरून काढता येते. सी-माउंटचे मात्र उलटे. त्याचे अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा कमी, म्हणून ॲडॅप्टर कॅमेऱ्याच्या तोंडात आत उतरतो आणि जाड कंबरेच्या लेन्स त्यात बसतच नाहीत. विकत घेण्याआधी लेन्स ॲडॅप्टरमध्ये प्रत्यक्ष फिरवून बसवून पाहावी.

ॲडॅप्टरमधली चूक केवढी महाग पडते ते आकड्यांतच पाहावे. ॲडॅप्टर ०.०५ मि.मी. ने जाड निघाला, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीइतकी चूक झाली असे धरू. ५० मि.मी. लेन्स इन्फिनिटीवर (अनंत अंतराच्या खुणेवर) ठेवली तर फोकस प्रत्यक्षात ५० मीटरवर बसेल; चालून जाईल. तीच चूक १० मि.मी. लेन्सला लागली तर इन्फिनिटीच्या खुणेवर फोकस बसेल फक्त २ मीटरवर. एफ १.३ ला दूरच्या बिंदूचा डाग सुमारे ०.०३८ मि.मी. चा, म्हणजे पॉकेटच्या सेन्सरवर जवळपास सहा पिक्सेल रुंद होतो. एफ ८ ला तोच डाग एका पिक्सेलइतका आकसतो. चूक दिवसा उन्हात लपून राहते आणि रात्रीच्या प्रसंगात लेन्स उघडली की उघडी पडते, त्याचे कारण हे. यावर इलाज शिमचा : पातळ पत्र्याच्या चकत्या घालून किंवा काढून अंतर जुळवायचे. हे काम कॉलिमेटर (हे अंतर अचूक तपासणारे उपकरण) असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे. घरी पेचकस घेऊन बसण्याची ही जागा नव्हे.

प्रतिमावर्तुळ : लेन्स सेन्सरवर पाडते ते गोल चित्र म्हणजे प्रतिमावर्तुळ; त्याने चौकट पूर्ण झाकली पाहिजे. साध्या १६ मि.मी. ची चौकट १०.२६ मि.मी. रुंद होती, सुपर १६ ची त्याहून सव्वादोन मि.मी. जास्त. म्हणून साध्या १६ साठी बनलेली उत्तम लेन्सही सुपर १६ च्या सेन्सरवर कोपरे काळे करू शकते. आंजेन्यूच्या १२-१२० झूमचे रुंद टोक याचे परिचित उदाहरण आहे. हे पाहायला पांढरी भिंत पुरते. लेन्स पूर्ण उघडी ठेवून एक शॉट घ्यावा आणि एफ ११ ला दुसरा. उघड्या लेन्सवर कडेचा अंधार मऊ असतो, नजरेतून निसटतो. बंद केल्यावर वर्तुळाची कड धारदार होऊन समोर येते. फोकस जवळ-लांब फिरवूनही पाहावे, कारण वर्तुळ त्यानुसार लहानमोठे होते.

बोलेक्सच्या रिफ्लेक्स मॉडेलांसाठी बनलेल्या ‘आरएक्स’ खुणेच्या स्विटार लेन्सबद्दल वेगळी सूचना हवी. त्या कॅमेऱ्यात लेन्समागे प्रिझम असे. ५० मि.मी. पेक्षा कमी नाभीय अंतराच्या आरएक्स लेन्स त्या प्रिझमच्या काचेचा हिशोब धरून घडवलेल्या आहेत. प्रिझम नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर त्या पूर्ण उघड्या ठेवल्या की प्रकाशाभोवती हलके धुके पसरते, एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) बंद केल्या की चित्र घट्ट होते. काहींना ते धुके आवडते. आवडो, पण ते आहे हे माहीत असावे.

मुंबईत लेन्स मिळण्याची ठिकाणे तीन. भाड्याची बाजारपेठ मुख्यतः अंधेरी पश्चिमेत. विकत घ्यायचे तर फोर्टमधली बोरा बाजार गल्ली. जुने आणि बेभरवशाचे हवे असेल तर चोर बाजारातली मटण स्ट्रीट. भाड्याच्या कॅमेऱ्यासोबत अटेंडंट येतो, आणि त्या पेटीतल्या प्रत्येक लेन्सची कुंडली त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते. “सर, ही पंचवीस उघडी नका ठेवू, दोनवर आणा,” असे तो म्हणाला तर ऐकावे. चाचणीचा चार्ट (बारीक रेघांचा छापील तक्ता) नंतर तेच सांगतो.

चाचणी : महागडा चार्ट नसला तरी वर्तमानपत्रावर काम भागते. छोट्या जाहिरातींची पाने भिंतीवर सपाट चिकटवावीत, चौकटीचे चारही कोपरे आणि मध्य भरेल अशी. देवनागरी छपाई या कामाला फार सोयीची आहे. शिरोरेषा आडव्या ओळीचे काम करते, काना उभ्या ओळीचे, आणि अनुस्वाराचा ठिपका तर तयार बिंदू. मध्यभागी ‘मुंबई’वरचा अनुस्वार गोल आणि काळा दिसतो, लेन्स कमजोर असेल तर कोपऱ्यात तोच ठिपका शेपटी फुटल्यासारखा लांबतो, एका अंगाला जांभळी आणि दुसऱ्या अंगाला हिरवी किनार धरतो, आणि अगदीच वाईट नगात शिरोरेषेत मिसळून जातो. चारही कोपरे सारखे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा मऊ आणि समोरचा स्वच्छ असेल तर आतली काच सरकली आहे, ती लेन्स परत करावी. मात्र हा निकाल देण्याआधी कॅमेरा भिंतीला काटकोनात आहे ना हे पाहणे आवश्यक. पानाच्या मध्यावर हातआरसा सपाट धरावा. आरशात लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मधोमध आले की कॅमेरा सरळ.

प्रत्येक लेन्स पूर्ण उघडी, मग एकेक स्टॉप बंद करत एफ ११ पर्यंत न्यावी. त्यापुढे जाण्यात हशील नाही. प्रकाश बारीक छिद्रातून जाताना पसरतो, त्या पसरट ठिपक्याचा व्यास एफ ४ ला सुमारे ५.४ मायक्रॉन, एफ ८ ला १०.७ आणि एफ १६ ला २१.५. पॉकेटचा पिक्सेल साडेसहा मायक्रॉनचा, पॉकेट ४के चा ४.६. म्हणजे एफ १६ ला कोणतीही लेन्स मऊच दिसणार. दोष काचेचा नव्हे, निसर्गनियमाचा.

झूम असेल तर आधी लांब टोकाला फोकस घ्यावा, मग रुंद टोकाकडे यावे. तिथे चित्र सुटले तर बॅक फोकस, म्हणजे लेन्सचे सेन्सरपर्यंतचे अंतर, बिघडला आहे. इन्फिनिटीसाठी खरोखर दूरचे काही हवे : गिरगाव चौपाटीवरून नरिमन पॉइंटच्या इमारती तीन किलोमीटरहून लांब आहेत. एप्रिल-मेच्या दुपारी हवेची झळ चित्र थरथरवते, म्हणून पहाटे किंवा दिवे लागल्यावर पाहावे. रात्री मरीन ड्राइव्हच्या दिव्यांवर कोपऱ्यातल्या ठिपक्यांना पंख फुटतात का हेही कळते. सरळ रेषा वाकतात का हे पाहायला स्वयंपाकघरातली फरशांची भिंत उत्तम. अंधाऱ्या खोलीत मोबाइलची टॉर्च चौकटीच्या आतबाहेर फिरवली की फ्लेअरचा (थेट प्रकाशाने चित्रावर पसरणाऱ्या चमकेचा) स्वभाव दिसतो. फोकस जवळून लांब नेताना चौकट आत-बाहेर होते का, ज्याला ब्रीदिंग म्हणतात, तेही तपासावे. स्थिरचित्रणाच्या निकॉन लेन्सचे फोकसचे कडे सिने-लेन्सच्या उलट फिरते. संच मिसळला तर सवयीचा हात ऐन शॉटमध्ये चुकीकडे जातो. शेवटी एक चेहरा आणि एक ग्रे कार्ड (ठरावीक राखाडी रंगाचे कार्ड) प्रत्येक लेन्समधून टिपून शेजारी शेजारी लावावेत. एक लेन्स पिवळसर आणि दुसरी हिरवट निघाली तर तो फरक मानवी त्वचेवर सर्वांत आधी खुपतो.

ऊन आणि काळी छत्री : भर दुपारी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ८०० आणि एक-पन्नासांश सेकंदाचा शटर ठेवला तर हिशोबाने एफ ६४ लागेल. एफ ४ ला यायचे तर आठ स्टॉप, म्हणजे एनडी २.४ चा (प्रकाश कमी करणारा करडा) फिल्टर हवा. पहिल्या पॉकेट कॅमेऱ्यावर अवरक्त किरणांना पुरेशी आडकाठी नव्हती; साधा एनडी दृश्य प्रकाश अडवतो आणि अवरक्त तसाच आत सोडतो. परिणाम पाहायचा तर जाड एनडी लावून उन्हात काळी नायलॉनची छत्री उघडावी. ती तपकिरी-तांबूस दिसली तर आयआर-एनडी (अवरक्तही अडवणारा एनडी) घ्यावाच लागेल.

दमट हवा : मुंबईत लेन्सचा खरा शत्रू बुरशी. हवेतला दमटपणा दीर्घकाळ साठ-सत्तर टक्क्यांवर राहिला की ती धरते, आणि पावसाळ्याचे चारही महिने इथे तेच असते. मागच्या बाजूने टॉर्च मारून पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. दुधाळ पडदा म्हणजे हेझ. कडेला इंद्रधनुषी चमक म्हणजे दोन काचांमधला डिंक सुटतो आहे. चार धूलिकण दिसले म्हणून घाबरू नये, चित्रात ते येत नाहीत. बुरशी मात्र कोटिंग खाते, आणि साफ केल्यावरही तिचा ठसा राहून कॉन्ट्रास्ट कमी होतो. ड्राय कॅबिनेटमध्ये चाळीस ते पन्नास टक्के दमटपणा राखावा. ते नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि वेळच्या वेळी बदललेले सिलिका जेल. एसी खोलीतून काढलेली लेन्स बाहेर येताच घामेजते, म्हणून बॅगेची चेन न उघडता अर्धा तास तशीच राहू द्यावी.

टेस्ट संपल्यावर प्रत्येक लेन्सच्या खोक्यावर पेपर टेपची पट्टी लावतात आणि मार्करने निकाल लिहितात : कुठल्या स्टॉपपासून चांगली, इन्फिनिटी खुणेच्या किती अलीकडे, रंग कुणीकडे झुकतो, आणि सगळ्यांत वर लेन्सवर कोरलेला अनुक्रमांक. शूटच्या दिवशी सकाळी पेटी उघडली की तोच क्रमांक आधी जुळवायचा. भाड्याच्या दुकानात त्याच नावाच्या आणखी दोन लेन्स असतात.