मोंढ्यातली फरशी: मराठवाड्यातल्या व्यापारी काँक्रीटची पार्श्वभूमी

हरभऱ्याची आवक ओसरली की मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, गाळे रिकामे व्हायला लागतात. सोयाबीनला अजून सहा महिने असतात. आडत्याला फरशी उकरून नवी करायची असेल, ओटा वाढवायचा असेल किंवा मागच्या मोकळ्या जागेत गोदाम काढायचं असेल, तर एप्रिल-मे हाच त्याचा काळ. ऊसतोडीवरून माणसं गावी परतलेली असतात, त्यामुळे बिगारी मिळतात. गुत्तेदारही, म्हणजे ठेकेदारही, हीच कामं धरून बसलेला असतो. पण ऊन बेचाळीस अंशांवर गेलेलं असतं आणि बोअर आटलेला असतो. काँक्रीटची तहान सर्वांत मोठी असते त्याच महिन्यांत मराठवाड्यात पाणी सर्वांत कमी असतं.

परभणीच्या मोंढ्यातल्या आमच्या गाळ्याची फरशी वडिलांनी अशाच एका मे महिन्यात करून घेतली होती. दुसऱ्या पावसाळ्यात ती मधोमध दोन बोटं वर आली, भिंतीच्या कडेने चीर पडली आणि शटर खाली टेकेना. मिस्त्री म्हणाला, सिमेंट हलकं निघालं. पुढे या कामात पडलो तेव्हा कळलं की सिमेंटचा दोष नव्हता. फरशीखाली वीतभर मुरूम होता आणि त्याखाली सगळी काळी माती.

मराठवाड्यातल्या दुकानांच्या, गोदामांच्या आणि कारखान्यांच्या काँक्रीटचा इतिहास या मातीपासूनच सांगायला हवा. बेसाल्ट झिजून तयार झालेली ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून इतकी भेगाळते की भेगेत हात जातो. कापसाला ती लाभते, बांधकामाला छळते. इमारतीच्या भिंतींचं वजन पायाला दाबून धरतं, म्हणून पाया एक वेळ टिकतो. फरशीवर तसा भार नसतो, त्यामुळे फुगणारी माती आधी फरशीलाच उचलते. गोदावरीच्या पट्ट्यात, परभणी-नांदेडकडे, हा थर खोल आहे. बालाघाटच्या माथ्यावर मात्र थोडं खणलं की मुरूम लागतो. म्हणून अंबाजोगाईत चाललेला पाया परभणीत चालेलच असं नाही.

याच काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात, आणि सिमेंट येण्याआधीचं बांधकाम त्यांच्यावर उभं होतं. खडे वेचायचे, भट्टीत भाजायचे, विरवायचे आणि वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळायचे. महत्त्वाच्या कामाला गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, विटांची सुरखी पडे. चुना सावकाश घट्ट होतो आणि थोडी हालचाल सोसतो. जुन्या पेठांमधली दगडी दुकानं काळ्या मातीवर उभी राहिली ती जाड भिंतींमुळे, खोल पायामुळे आणि या सोशिक चुन्यामुळेही. घाणी बंद पडल्या तसं ते ज्ञान दोन पिढ्यांत पुसलं गेलं. मला त्याची खरीखुरी हळहळ वाटते.

१९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्ग झाला आणि जालना, सेलू, परभणी, नांदेड या गावांत कापसाच्या जिनिंगचे आणि धान्याच्या व्यापाराचे अड्डे वाढले. लातूरच्या गंजगोलाईची मधली दुमजली इमारत १९१७ सालची. तिच्याभोवती सोळा रस्ते फुटतात आणि प्रत्येक रस्त्यावर वेगळा बाजार. त्या पिढीच्या व्यापारी बांधकामात दगड, चुना, सागवान आणि लोखंडी गर्डर दिसतात, काँक्रीट क्वचितच. फरशी मात्र शहाबादीच. शहाबाद तेव्हा आपल्याच निजाम राज्यात, गुलबर्गा जिल्ह्यात होतं. गर्डरवर शहाबादी अंथरून वर चुन्याचा कोबा करायचा, ही छताची पद्धत कित्येक जुन्या आडतींत आजही शाबूत आहे.

फरशी देणाऱ्या या शहाबादनेच पुढे सिमेंटही दिलं. देशात सिमेंटचं सलग उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झालं. त्यानंतर शहाबादच्या चुनखडीवर कारखाना निघाला. १९३६ मध्ये अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही मोठी कंपनी झाली, त्यांत शहाबाद सिमेंट कंपनीही होती. १९४८ मध्ये निजामाचं राज्य संपलं. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि शहाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. सीमा बदलली तरी माल तिकडूनच येत राहिला.

सिमेंटची पहिली मोठी कामं सरकारी होती: पूल, धरणं, कचेऱ्या. पैठणला जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली. अशा प्रकल्पांवर या भागातले गवंडी मिक्सर, व्हायब्रेटर आणि लोखंडी सेंट्रिंग हाताळायला शिकले. खाजगी दुकानदारापर्यंत सिमेंट पोचायला मात्र फार वेळ लागला, कारण त्याच्या किमतीवर आणि वाटपावर सरकारचं नियंत्रण होतं. परमिटसाठी अर्ज करायचा आणि महिनोन्महिने वाट पाहायची. सिमेंटच्या कोट्याच्या प्रकरणावरून जानेवारी १९८२ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं, यावरून त्या पोत्याची किंमत कळावी. त्याच वर्षी फेब्रुवारीत नियंत्रण अंशतः उठलं आणि १ मार्च १९८९ रोजी पूर्ण गेलं.

परमिटच्या काळात सवय लागली ती पोती वाचवायची. गाळ्याच्या फरशीत सिमेंट कमी आणि पाणी जास्त घालून माल सैल करायचा, म्हणजे तो लवकर पसरतो. पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी पुरतं. जागेवर पस्तीस-चाळीस लिटर सहज ओतलं जातं. जास्तीचं पाणी उडून जातं आणि मागे पोकळ्या राहतात. मग दोन वर्षांत फरशीची धूळ निघायला लागते आणि पोतं ओढलं की माती उडते. सिमेंट मुबलक झाल्यावरही ही सवय सुटली नाही.

कारखान्यांनी ती काही प्रमाणात मोडली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, चिकलठाणा व नंतर वाळूज या वसाहती उभ्या राहिल्या. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचं उत्पादन सुरू झालं आणि त्यामागे सुट्या भागांचे लहानमोठे कारखाने आले. यंत्राखालची फरशी जराही हलून चालत नाही, तिच्यावर तेल सांडतं, लोखंडी चाकं फिरतात. ज्याला आपण ट्रिमिक्स म्हणतो ते व्हॅक्यूमचं काम अशा कारखान्यांतूनच पसरलं. नाव स्वीडनच्या एका यंत्राच्या ब्रँडवरून आलंय. काँक्रीट ओतून, व्हायब्रेटरने दाबून त्यावर चटई अंथरतात आणि पंपाने जास्तीचं पाणी शोषून घेतात. मग फिरत्या यंत्राने पृष्ठभाग घोटतात आणि ठरावीक अंतरावर कटरने सांधे पाडतात, म्हणजे तडा जायचाच असेल तर त्या रेषेत जातो. वाळूजला हात बसलेले मिस्त्री पुढे जालन्याच्या स्टील मिलमध्ये, लातूरच्या डाळमिलमध्ये हीच कामं करताना मी पाहिले आहेत. मोंढ्यातल्या गोदामांना चांगली फरशी मिळाली ती या वाटेने.

सळईचीही अशीच वाट. पिळाची टोर सळई गेली आणि टीएमटी आली. जालन्याच्या रोलिंग मिलमुळे सळई मराठवाड्याच्या दारातच तयार होऊ लागली.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती विसर्जन करून गावं नुकती झोपली होती. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीला धरणीकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास ८ हजार माणसं गेली. बहुतेक माणसं माळवदांखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि डोक्यावर टनावारी माती, अशी ती घरं होती. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात धरलेला होता. २००२ च्या सुधारित भारतीय मानकात ते क्षेत्रच रद्द झालं आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला.

त्यानंतर मराठवाड्यात आरसीसी (सळई घातलेलं काँक्रीट) म्हणजे सुरक्षितता हे समीकरण घट्ट झालं, आणि ते अर्धंच खरं आहे. दगड-मातीच्या घरांची भीती लोकांच्या हाडांत बसली, म्हणून तालुक्याच्या गावातही कॉलम-बीमची व्यापारी संकुलं उभी राहिली. पण खाली शटरचे गाळे आणि वर भिंतींनी भरलेल्या खोल्या, ही त्यांची रचना भूकंपात धोक्याची असते. खालच्या मजल्यावर भिंती नसल्याने तो वरच्यापेक्षा लवचीक राहतो आणि हादऱ्याची सगळी ओढ त्या कॉलमच्या टोकांवर येते. २००१ च्या भूज भूकंपात अहमदाबादमधल्या इमारती अशाच बसल्या. कॉलममधल्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा एकमेकींच्या जवळ हव्यात, त्यांची टोकं आकड्यासारखी आत वळवलेली हवीत. याचं मानक १९९३ मध्येच निघालं होतं. बाजारपेठेत गाळा घेताना भाव, रस्ता, पार्किंग सगळं विचारलं जातं, रिंगांचं अंतर विचारणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

पाण्याचं दुखणं अलीकडे आणखी वाढलं आहे, आणि त्याचं कारण पोत्यातच आहे. आज दुकानात मिळणारं सिमेंट बहुतांशी पीपीसी असतं. त्यात औष्णिक वीज केंद्रांची राख, म्हणजे परळीच्या केंद्रातून निघते तशी फ्लाय अ‍ॅश, १५ ते ३५ टक्के मिसळलेली असते. राखेचा हा वापर उत्तमच, त्याने काँक्रीट घट्टही होतं. मात्र ते सावकाश ताकद धरतं, म्हणून जास्त दिवस ओलं ठेवावं लागतं. मानक सांगतं की साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, राखेच्या सिमेंटला किमान १० दिवस पाणी मारावं, आणि कोरड्या उन्हाळी हवेत ते १४ दिवसांपर्यंत न्यावं. दोन हजार चौरस फुटांच्या फरशीवर आळी बांधून दीड इंच पाणी साठवायचं तर एका भरण्याला सुमारे ७ हजार लिटर लागतात. मेच्या उन्हात ते रोज उडतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं. तेव्हा गोदामाच्या फरशीसाठी टँकर मागणाऱ्याला शरम वाटावी अशीच वेळ होती.

यावर उपाय आहेत. ओतणी सूर्य मावळल्यावर सुरू करून रात्रीत संपवायची. ओल्या गोणपाटावर प्लास्टिक झाकलं तर पाणी फार थोडं लागतं. मेणाचं क्युरिंग कंपाउंड फवारता येतं, मानकाला तेही मान्य आहे. तयार काँक्रीटचा प्लांट जवळ असेल तर पाण्याचं माप तिथेच ठरतं. पण पाणी घातल्यापासून दोन तासांत तो माल उतरवायचा असतो, म्हणून शहरापासून लांबच्या तालुक्यात अजून जागेवरचा मिक्सरच चालतो. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक वसाहतीत आणि समृद्धी महामार्गावर या भागाने मोठ्या प्रमाणावरचं मोजून-मापून केलेलं काँक्रीट पाहिलं आहे. मोंढ्यातल्या चार गाळ्यांच्या कामापर्यंत ते माप अजून आलेलं नाही.

मातीचा उपायही जुनाच आहे. थर उथळ असेल तर काळी माती पूर्ण काढायची. खोल असेल तर इमारतीला अंडररीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, घ्यायचे. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेली ही पद्धत आहे. पाइलचं टोक साडेतीन मीटरच्या आसपास, ओल बदलत नाही तिथे न्यायचं आणि तळाशी कंदासारखा फुगवटा ठेवायचा. फरशीखाली न फुगणाऱ्या चिकट मुरमाचा सुमारे मीटरभर जाड थर दाबून भरायचा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी कालव्यांच्या अस्तरांसाठी असा थर कसा काम करतो हे दाखवून दिलं. आणि छपराचं पाणी भिंतीपासून लांब न्यायचं, कारण माती एकीकडे भिजली आणि दुसरीकडे कोरडी राहिली की फरशी वाकते.

व्यवहारात हे सगळं अडतं ते गुत्त्याच्या कागदावर. फरशीचा भाव चौरस फुटावर ठरतो. त्यात काँक्रीटची जाडी असते, ट्रिमिक्स असतं, क्वचित जाळीही असते. खोदाई आणि मुरूम ‘मालकाकडे’ असं शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं. मालक ट्रॉलीचा भाव ऐकतो आणि वीतभर मुरमावर थांबतो. आमच्या वडिलांच्या कागदावरही शेवटची ओळ तीच होती. मागच्या वर्षी तो गाळा पुन्हा उकरला तेव्हा पाच फुटांवर पिवळा मुरूम लागला. काळी माती शेजारच्या शेतकऱ्याने ट्रॉल्या भरभरून शेतात टाकायला नेली.